सिनॅप्सच्या अलीकडे: चेतातंतूच्या टोकात नक्की काय भरलेलं असतं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि इतकी वर्षं फळ्यावर सिनॅप्सचं, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडाचं, तेच एक चित्र काढत आलेय, तुम्हीही वहीत काढलं असेल. अक्षतंतूचं टोक फुग्यासारखं फुगवायचं, आत पाच-सहा गोल, एक तंतुकणिका, खाली फट, फटीत ठिपके आणि पलीकडे दुसऱ्या पेशीचं आवरण. झालं. मागच्या महिन्यात एका मुलीने विचारलं, बाई, आत तर सगळं पातळ असतं ना, मग ते गोल तिथेच कसे थांबतात, इकडेतिकडे पसरत का नाहीत? मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हटलं, आणि त्या उद्यासाठी जे वाचायला घेतलं ते अजून संपलेलं नाही. तेच इथे लिहितेय, जाणकारांनी चुका दाखवाव्यात ही मनापासून विनंती.

आधी मापं, कारण माझं चित्र पहिल्यांदा तिथेच फसलं. मेंदूतलं असं एक साधं टोक म्हणजे साधारण १ मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. आतले गोल, म्हणजे व्हेसिकल (पुस्तकात पुटिका म्हणतात), साधारण ४० नॅनोमीटरचे. आणि फट फक्त २० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे गोल फटीच्या दुप्पट! मी कायम फट बोटभर रुंद काढायचे आणि गोल बटणाएवढे. आता वर्गात असं सांगते की फळ्यावर टोक १ मीटरचं काढलं तर प्रत्येक गोल ४ सेंटीमीटरचा येईल, फट २ सेंटीमीटरची, आणि असे गोल पाच-सहा नाही तर दोनशेच्या घरात भरावे लागतील, तेही फळ्यावर सपाट नाही, खोलीतसुद्धा.

दुसरं म्हणजे ते "आत पातळ असतं". २०१४ साली जर्मनीत गॉटिंगेनला सिल्व्हिओ रिझोली यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतली टोकं वेगळी काढून त्यातली प्रथिनं मोजली आणि सरासरी टोकाचं त्रिमितीय चित्र तयार केलं, त्यात साठेक प्रकारच्या प्रथिनांचे मिळून ३ लाख रेणू जागच्या जागी बसवलेत. ते चित्र बघाच. मोकळी जागा शोधावी लागते. त्याआधी २००६ साली गॉटिंगेनमध्येच राइनहार्ड यान यांच्या गटाने एकट्या व्हेसिकलचा असाच हिशेब मांडला होता, एका व्हेसिकलवर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाच्या एकाच प्रथिनाचे ७० च्या आसपास रेणू, आणि आत ग्लुटामेटचे (फटीपलीकडे संदेश नेणारं रसायन) साधारण १८०० रेणू. आपण जो गुळगुळीत गोल काढतो तो प्रत्यक्षात दाट केसाळ दिसतो, आवरण कुठे दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, सगळी प्रथिनंच बाहेर आलेली.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. व्हेसिकल घोळक्याने राहतात यात सिनॅप्सिन नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. आधी कल्पना अशी होती की सिनॅप्सिन हा दोरा आहे आणि त्याने व्हेसिकल एकमेकांना आणि पेशीच्या सांगाड्याला बांधलेले असतात. मग २०१८ साली मिलोवानोविच आणि पिएत्रो दे कामिली वगैरेंनी दाखवलं की शुद्ध सिनॅप्सिन नुसतं द्रावणात ठेवलं तरी त्याचे थेंब जमतात, पाण्यात तेलाचे जमतात तसे, आणि त्या थेंबात व्हेसिकलसारखे बारीक लिपिडचे गोल टाकले की ते आत ओढले जातात. म्हणजे भिंत नाही, पिशवी नाही, दोरा असलाच तर सैल, आणि तरी घोळका एकत्र! आतले व्हेसिकल एकमेकांवरून सरकू शकतात पण सहज बाहेर पडत नाहीत. आणि टोकात काम सुरू झालं की एक एन्झाइम सिनॅप्सिनवर फॉस्फेट चढवतं आणि तो थेंब विरघळायला लागतो, व्हेसिकल मोकळे होतात. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

या घोळक्याच्या पुढच्या बाजूला, फटीला लागून, आवरणाच्या आत एक गडद पट्टा दिसतो, त्याला ॲक्टिव्ह झोन म्हणतात. सगळा कारभार इथे चालतो. रिम, मंक-१३, बसून, पिकोलो, एल्क्स अशी मोठमोठी प्रथिनं इथे एकमेकांत गुंतून बसलेली असतात (बसून आणि पिकोलो ही वाद्यांवरून पडलेली नावं) आणि ती कॅल्शियमची दारं आणि व्हेसिकल यांना शेजारी शेजारी धरून ठेवतात. दोनशेपैकी जेमतेम दहा-बारा व्हेसिकल इथे आवरणाला टेकलेले असतात, बाकीचे मागे. विद्युत संदेश आला की दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, हे टेकलेले दहा-बारा फुटतात आणि मागचे त्यांच्या जागी येतात.

बाकी ऊर्जा, पुनर्वापर वगैरे प्रतिसादांत बघू. लिहिता लिहिता लांबलं.

वाटसरू

सुंदर धागा. १ मीटरच्या टोकात ४ सेंटीमीटरचा गोल, हे आता विसरणार नाही. वाचतोय, लिहीत राहा.

रेघोट्या

बाई, लेख फार आवडला, पण शेवटच्या परिच्छेदात एक दुरुस्ती करायलाच हवी कारण तिथे अर्थ बदलतो. संदेश आला की टेकलेले सगळे फुटतात असं नाही. मेंदूतल्या छोट्या टोकांमध्ये, म्हणजे हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात वगैरे, एका संदेशाला बहुतेक वेळा एकही व्हेसिकल फुटत नाही. पाच वेळा संदेश आला तर एखाद-दोनदा काहीतरी सुटतं, आणि सुटलं तरी बहुधा एकच. काही टोकं याहून उदार असतात, काही याहून कंजूष, एकाच चेतापेशीची दोन टोकंसुद्धा सारखी नसतात.

बर्नार्ड काट्झ यांनी १९५० च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर काम करताना हेच पकडलं होतं. पॉल फॅट आणि काट्झ यांना १९५२ साली दिसलं की कोणी संदेश पाठवत नसतानाही स्नायूत बारीक बारीक उसळ्या येतात, सगळ्या जवळपास एकाच मापाच्या, आणि मग देल कास्तिल्यो आणि काट्झ यांनी १९५४ साली दाखवलं की मोठा संदेश हा या उसळीच्या पटीत असतो, एक, दोन, तीन, मधलं काही नाही. म्हणजे रसायन सुटं सांडत नाही, पुडीने मिळतं. तेव्हा पुडी कोणी पाहिलेली नव्हती! आणि अगदी त्याच सुमाराला, १९५४-५५ मध्ये, पलाडे-पॅले आणि डी रॉबर्टिस-बेनेट यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली टोकात हे गोल दिसले. एका बाजूने विजेचं मोजमाप, दुसऱ्या बाजूने फोटो, आणि दोन्ही एकाच जागी येऊन भेटले. काट्झना १९७० चं नोबेल मिळालं.

खडूफळा

@रेघोट्या, खूप आभार, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी "फुटतात" असं सरळ लिहून मोकळी झाले. मूळ लेख तसाच ठेवते म्हणजे तुमचा प्रतिसाद समजेल. पण मग प्रश्न पडतो की एवढी तयारी ठेवून पाचातून चारदा काहीच का नाही?

रेघोट्या

कारण त्यामुळे वरखाली करायला जागा राहते. दरवेळी सुटणारच असेल तर ते टोक जोरात बोलू शकत नाही, फक्त दमू शकतं. एकामागोमाग एक संदेश आले की आधीचं थोडं कॅल्शियम उरलेलं असतं, त्यात नवीन मिसळतं आणि सुटण्याची शक्यता वाढत जाते. उलट जी टोकं पहिल्याच संदेशाला भरपूर सोडतात ती पुढच्या काही संदेशांना मंदावतात, कारण टेकलेला साठा संपतो. पहिल्या तऱ्हेचं टोक सलग आलेल्या संदेशांना दाद देतं, दुसऱ्या तऱ्हेचं नव्याने सुरू झालेल्याला. आतली रचना किती सैल किती घट्ट यावर ते ठरतं.

गणिती_मन

मी भौतिकशास्त्राचा माणूस, मेंदूतलं फार कळत नाही, पण एक हिशेब जुळत नाहीये. टोक १ मायक्रॉनचं, कॅल्शियम आत येऊन सगळीकडे पसरायला फार वेळ लागणार नाही हे मान्य, पण पसरल्यावर ते इतकं विरळ होईल की व्हेसिकल फोडायला पुरेल का? आणि पुरेल एवढं कॅल्शियम आत घ्यायचं तर दरवेळी ते उपसून बाहेर टाकायला केवढी ऊर्जा लागेल?

रेघोट्या

@गणिती_मन, अगदी मुद्द्याचं विचारलंत, आणि याच्या उत्तरातच रचना का महत्त्वाची ते आहे. शांत असताना आत कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं, बाहेर १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजारपटीहून जास्त फरक. दार उघडलं की ते धबधब्यासारखं आत येतं, पण दाराच्या तोंडाशीच, काही दहा नॅनोमीटरच्या परिघात, ते शेकडो पटीने वाढतं आणि दार मिटलं की मिलिसेकंदाच्या आत तो ढीग विरतो. पूर्ण टोकभर सरासरी काढली तर वाढ फारच थोडी. त्यामुळे व्हेसिकल दाराच्या अंगाला लागून असेल तरच त्याला ते कळतं. सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन व्हेसिकलवरच बसलेलं असतं, ते कॅल्शियम ओळखतं. दारातून कॅल्शियम आत येणं आणि व्हेसिकल फुटणं यात साधारण मिलिसेकंदाचा पाचवा भाग जातो, डोळ्याचं पातं लवायला याच्या शेकडो पट वेळ लागतो.

हे अंतर एवढं कमी आहे हे कसं कळलं ते ऐका, मला शिकवताना सगळ्यात आवडणारा प्रयोग आहे. बाप्टा आणि इजीटीए ही दोन रसायनं कॅल्शियम धरून ठेवतात, दोघांची पकड साधारण सारखीच, फरक एवढाच की बाप्टा झडप घालतं आणि इजीटीए सावकाश धरतं. स्क्विडच्या मोठ्या सिनॅप्समध्ये ही दोन्ही टोचून बघितली. इजीटीए घातलं तरी संदेश व्यवस्थित पलीकडे जातो. बाप्टा घातलं की बंद. म्हणजे दारापासून सिनॅप्टोटॅग्मिनपर्यंत जायला कॅल्शियमला इतका कमी वेळ लागतो की इजीटीएला हात पुढे करायलाच सवड मिळत नाही. मोजपट्टी न लावता नॅनोमीटरचं अंतर मोजलं!

आणि हे अंतर जन्मजात ठरलेलं नसतं. मेंदूच्या खोडात कानाकडून येणाऱ्या वाटेवर कॅलिक्स ऑफ हेल्ड नावाचं एक प्रचंड टोक आहे, पेल्यासारखं पूर्ण पेशीला कवेत घेणारं, त्यात शेकडो ॲक्टिव्ह झोन असतात आणि ते इतकं मोठं की आतून थेट वीज मोजता येते. पिल्लू लहान असताना तिथे इजीटीएने बऱ्यापैकी अडथळा येतो, कानाने नीट ऐकू यायला लागल्यावर तो अडथळा कमी होतो. म्हणजे दारं आणि व्हेसिकल मधल्या काळात जवळ सरकली. आवाज कुठल्या बाजूने आला हे ओळखायला दोन्ही कानांतला सूक्ष्म फरक लागतो, तिथे सैलपणा चालत नाही.

गणिती_मन

बाप्टा-इजीटीएचं वाचून थक्क झालो. धन्यवाद. रसायनाचा वेग घड्याळ म्हणून वापरला आणि घड्याळावरून अंतर काढलं.

पातळकाप

मी बरीच वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी काप काढायचं काम करतोय, त्यामुळे फोटोंबद्दल थोडं लिहितो. पुस्तकातले बहुतेक जुने फोटो ग्लुटाराल्डिहाइडमध्ये भिजवून, मग ऑस्मियम देऊन, पाणी काढून, रेझिनमध्ये बसवून, हिऱ्याच्या सुरीने काप काढलेले असतात. काप ५० ते ७० नॅनोमीटरचा. हे सगळं होताना टोक जिवंतपणी होतं तसंच राहतं का? तर नाही. रसायन मुरायला वेळ लागतो आणि त्या वेळात टोकात बरंच काही घडून जातं, प्रथिनं आक्रसून गोळा होतात.

एक उदाहरण देतो. १९६५ साली उचिझोनो यांना असं दिसलं की काही टोकांत व्हेसिकल गोल आहेत आणि काहींत चपटे, आणि चपटे असलेली टोकं समोरच्या पेशीला थोपवणारी आहेत. केवढा आनंद, बघूनच ओळखता येणार की हे टोक चेतवतं की थोपवतं! नंतर लक्षात आलं की चपटेपणा हा जिवंतपणीचा नाही, भिजवण्याच्या द्रावणातल्या क्षारांच्या प्रमाणामुळे येतो. मग सगळं वाया गेलं का? अजिबात नाही. द्रावण दोन्हींना सारखंच लागलं होतं, तरी एकच प्रकार चपटा झाला, म्हणजे दोन्हींत काहीतरी फरक आहेच आणि खूण म्हणून ती आजही उपयोगी पडते. मी नवीन आलेल्या मुलांना नेहमी सांगतो की काप खोटं बोलत नाही, पण आपण काय विचारलं ते बघावं लागतं.

गोठवण्याची पद्धत आली आणि चित्र बदललं. ह्यूझर आणि रीस यांनी १९७० च्या दशकात बेडकाचा स्नायू द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर आपटला, आणि पडत असतानाच, आपटण्याच्या काही मिलिसेकंद आधी, त्याला विजेचा झटका दिला. व्हेसिकल उघडताना पकडले गेले, आवरणावर बारीक खळगे, रांगेत. काट्झच्या पुडीचा फोटो म्हणाल तर तो हा. २०१० साली फर्नांडेझ-बुस्नादिएगो आणि सहकाऱ्यांनी नुसतं गोठवून, कुठलंही रसायन न घालता टोकं पाहिली तर व्हेसिकलमधून निघालेले बारीक आखूड धागे दिसले, काही एका व्हेसिकलपासून दुसऱ्यापर्यंत आणि काही आवरणापर्यंत. खडूफळा ताईंनी थेंबाचं लिहिलंय ते बरोबर आहे, पण धागे पण आहेत हो, दोरा ही कल्पना अगदी टाकून देऊ नका.

बेडकाच्या स्नायूवरचा ॲक्टिव्ह झोन तर सुतारकामासारखा दिसतो, २००१ साली मॅकमहन यांच्या गटाने तो त्रिमितीत उभा केला, मधोमध तुळई, तिला आडव्या फासळ्या, फासळ्यांखाली खुंट्या, आणि खुंट्यांच्या जागी बहुधा कॅल्शियमची दारं. व्हेसिकल फासळ्यांना लागून दोन ओळींत उभे. मेंदूत इतकी शिस्त नसते, तिथे आवरणातून आत आलेले गडद उंचवटे दिसतात आणि व्हेसिकल त्यांच्या मधल्या खोबणीत बसतात.

खडूफळा

@पातळकाप, "सुतारकामासारखा" वाचून फळ्यावर काय काढायचं ते एकदम दिसलं. आणि धाग्यांबद्दल मान्य, मी थेंबाच्या प्रेमात जरा जास्तच वाहवले.

सांजवात

मी फक्त वाचक आहे, विज्ञान फार येत नाही. माझ्या मुलीला फिट्स येतात, तिला लेव्हेटिरॅसिटाम चालू आहे, बराच फरक पडलाय. डॉक्टरांनी एकदा घाईत सांगितलं की हे औषध "नसांच्या टोकाला" लागू पडतं. तुम्ही लिहिताय तेच टोक का ते? त्यात ते कुठे जाऊन बसतं?

दूरचा_दिवा

@सांजवात ताई, हो, तेच टोक. व्हेसिकलच्या आवरणात एसव्ही२ए नावाचं प्रथिन असतं, लेव्हेटिरॅसिटाम त्याला जाऊन चिकटतं. गंमत अशी की औषध आधी वापरात आलं आणि ते कशाला चिकटतं हे नंतर, २००४ साली कळलं. तिथे चिकटल्यावर झटका नेमका कसा आवरला जातो यावर अजून काम चालू आहे, पण जास्त उत्तेजित झालेल्या टोकांमधून रसायन सुटण्यावर त्याचा परिणाम होतो असं दिसतं. जवळपास प्रत्येक सिनॅप्सच्या टोकात हे प्रथिन असल्यामुळे त्याला चिकटणारा किरणोत्सारी रेणू देऊन जिवंत माणसाच्या मेंदूत सिनॅप्स किती दाट आहेत याचं पेट स्कॅनवर मोजमापही करता येतं. मुलीचं औषध चांगलं लागू पडतंय हे वाचून बरं वाटलं, डोस मात्र तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त किंवा बंद करू नका, एवढं आवर्जून सांगतो.

आता इथे आलोच आहे तर आजारांच्या बाजूनेही या रचनेबद्दल थोडं. व्हेसिकल आवरणाला जोडतो तो स्नेअर प्रथिनांचा पीळ, व्हेसिकलवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन आणि आवरणावरचे सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५, तिन्ही एकमेकांभोवती वेणीसारखे गुंफले जातात आणि दोन आवरणं इतकी जवळ ओढतात की ती एक होतात. (रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांचं २०१३ चं नोबेल याच पेशीतल्या वाहतुकीच्या कामासाठी.) धनुर्वाताचं विष या वेणीतलं सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं. बोट्युलिनमचं ए प्रकारचं विष स्नॅप-२५ कापतं. एकच यंत्र, दोघांचा घाव त्याच्यावरच, पण रोगी बघाल तर एक लाकडासारखा ताठ आणि दुसरा लुळा. कारण बोट्युलिनम स्नायूकडच्या टोकातच थांबतं आणि स्नायूला हुकूम देणारं रसायनच बंद करतं. धनुर्वाताचं विष त्याच टोकातून आत शिरतं पण तिथे न थांबता अक्षतंतूतून उलटं वर मज्जारज्जूपर्यंत जातं, पुढच्या पेशीत शिरतं आणि थोपवणाऱ्या टोकांतली वेणी कापतं. थोपवणारं कोणी उरलं नाही की सगळे स्नायू एकदम आवळतात. ताठ झालेला रुग्ण मी पाहिलाय. लस वेळेवर घ्या, बाकी काय सांगू.

दुसरा आजार लॅम्बर्ट-ईटन. यात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं टोकावरच्या कॅल्शियमच्या दारांवर हल्ला करतात. पातळकाप यांनी ज्या ओळी सांगितल्या त्या या रुग्णांमध्ये विस्कटलेल्या, तुटलेल्या दिसतात. रुग्ण म्हणतो खुर्चीतून उठवत नाही, पण तोच स्नायू काही सेकंद जोर लावून वापरला की थोडा वेळ ताकद वाढते, रेघोट्या यांनी लिहिलेलं ते "उरलेलं कॅल्शियम" इथे तपासताना हाताला जाणवतं. अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत मागे फुप्फुसाचा कर्करोग निघतो, म्हणून निदान झालं की छातीची तपासणी लगेच करतात.

सांजवात

खूप खूप आभार डॉक्टर. आज पहिल्यांदा कोणीतरी मला कळेल असं सांगितलं.

ओली_पाटी

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला विचारायचंय की फुटलेल्या व्हेसिकलचं पुढे काय होतं? आवरणात मिसळत गेले तर टोक फुगत जाईल ना? आणि नवीन व्हेसिकल पेशीच्या मुख्य भागातून येतात म्हणावं तर पायाच्या नसेचं टोक जवळपास मीटरभर लांब, आमच्या पुस्तकात जलद वाहतुकीचा वेग दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत दिलाय, म्हणजे अडीच दिवस. तोपर्यंत टोक रिकामं?

खडूफळा

@ओली_पाटी, हा हिशेब तू स्वतः मांडलास हे फार आवडलं. उत्तर हेच की टोक मुख्य पेशीची वाट बघत नाही, तिथल्या तिथे आवरण परत आत ओढून नवीन व्हेसिकल बनवतं. याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा एका फळमाशीत आहे, शिबिरे नावाचा तिचा एक वाण असतो, त्यात डायनामिन हे आवरणाचा देठ तोडणारं प्रथिन उष्णतेने निकामी होतं. तापमान साधारण ३० अंशांपर्यंत नेलं की माशी हालचाल थांबवून पडते, टोकं बघावीत तर व्हेसिकल गायब, आणि आवरणावर देठ न तुटलेल्या कळ्या लटकलेल्या. गार केलं की परत उठते.

आत ओढायची पद्धत कुठली यावर मात्र १९७३ पासून वाद आहे. ह्यूझर-रीस म्हणाले व्हेसिकल आवरणात पूर्ण मिसळतो आणि बाजूला दुसरीकडून क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीत नवा तयार होतो. त्याच वर्षी चेकारेल्ली आणि सहकारी म्हणाले तसं नाही, तो तोंड उघडून लगेच मिटतो आणि तसाच्या तसा परत. मग २०१३ साली वातानाबे आणि योर्गेनसन यांनी प्रकाशाच्या झोताने चेतवून लगेच गोठवायचं तंत्र वापरलं आणि तिसराच वेग सापडला, १०० मिलिसेकंदांच्या आत ॲक्टिव्ह झोनच्या कडेला मोठी घडी आत जाते आणि तिच्यातून पुढे व्हेसिकल सुटे होतात. मला वाटतं टोकाला गरजेप्रमाणे यातल्या एकाहून जास्त वाटा उपलब्ध असाव्यात, पण हे माझं मत.

मुख्य पेशीतून येतात ते प्रथिनांचे सुटे भाग आणि दुसऱ्या प्रकारचे मोठे, ८०-१०० नॅनोमीटरचे, गडद गाभ्याचे व्हेसिकल. त्यांत पेप्टाइड असतात आणि ते टोकात पुन्हा भरता येत नाहीत, एकदा रिकामे झाले की खरंच वरून नवीन यावे लागतात.

रेघोट्या

वरच्यात भर घालतो. परत आत आलेला व्हेसिकल भरायचा कसा, तर आधी त्याच्या आवरणावरचा पंप आत प्रोटॉन ढकलून आतला भाग आम्लधर्मी करतो, पीएच ५.५ च्या आसपास, आणि मग प्रोटॉन बाहेर यायला धडपडतात त्या जोरावर ग्लुटामेट आत खेचलं जातं. एका व्हेसिकलला हा पंप एखाददुसराच असतो. याच आम्लाचा फायदा घेऊन १९९८ साली मिझेनबॉक, दे अँजेलिस आणि रॉथमन यांनी चमकणारं एक प्रथिन व्हेसिकलच्या आत बसवलं जे आम्लात विझतं. व्हेसिकल उघडला की उजळतं, परत आत जाऊन भरायला लागला की विझतं. जिवंत टोकं लुकलुकताना दिसतात.

आणि गणिती_मन यांचा ऊर्जेचा प्रश्न राहिला होता. कॅल्शियम उपसायला खर्च होतोच, पण टोक शांत असतानाही खर्च चालू असतो कारण भरलेल्या व्हेसिकलमधून प्रोटॉन झिरपत राहतात आणि पंपाला थांबता येत नाही. पुलिदो आणि टिमोथी रायन यांनी २०२१ साली दाखवलं की शांत टोकाच्या खर्चातला मोठा वाटा हाच. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के आणि ऊर्जा २० टक्के का खातो याचा काही भाग इथे सापडतो. आणि हो, फळ्यावर प्रत्येक टोकात काढलेली ती तंतुकणिका, हिप्पोकॅम्पसच्या जवळपास निम्म्या टोकांत ती नसतेच. तिथे साखर मोडून किंवा शेजारच्या भागातून काम भागवलं जातं.

खडूफळा

तंतुकणिका पण गेली चित्रातून! उद्याच वर्गात सांगते, निम्म्या मुलांनी काढायची, निम्म्यांनी नाही.

गणिती_मन

अवांतर नाही, पण आकडा राहवत नाही म्हणून. २०२४ साली हार्वर्ड आणि गूगलच्या लोकांनी माणसाच्या मेंदूच्या बाहेरच्या थराचा साधारण १ घन मिलिमीटर तुकडा पूर्ण काप काढून जोडला, त्यात १५ कोटींच्या आसपास सिनॅप्स निघाले. प्रत्येकाच्या अलीकडे हे सगळं, थेंब, धागे, दारं, वेणी. टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत.

ओली_पाटी

धागा तीनदा वाचला. आमच्या प्रॅक्टिकलच्या सरांकडून सलग कापांचे फोटो मिळवले, एकाच टोकाचे, आणि ॲक्टिव्ह झोनला टेकलेले व्हेसिकल मोजले. पहिल्या कापात २, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ३, चौथ्यात २, पाचव्यात पट्टाच संपला. म्हणजे ११. बाईंनी दहा-बारा लिहिलंय तेच आलं! पण एक शंका, काप ६० नॅनोमीटरचा आणि व्हेसिकल ४० चा, तर एखादा व्हेसिकल दोन कापांत अर्धा अर्धा येऊन मी दोनदा मोजला असेल का?

पातळकाप

@ओली_पाटी, असेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या कापाचे फोटो एकावर एक ठेवून बघ, दोन्हींत एकाच जागी गोल दिसला आणि एकात कडा पुसट असली तर तो एकच धर, व्हेसिकलची कड कापात तिरकी आली की अशीच धूसर दिसते. आणि टेकलेला कोणाला म्हणायचं ते मोजायच्या आधी कागदावर लिहून ठेव, आवरणाला प्रत्यक्ष लागलेला की थोडी फट चालेल, नाहीतर मोजता मोजता नकळत नियम बदलतो. पुन्हा मोज आणि आकडा इथे टाक, ९ आला तरी टाक.